ऊद आणि एक जुनी थाप

माझ्या चौथीच्या वहीत एक निबंध आहे, 'मी पाहिलेला प्राणी'. बाकीच्या मुलींनी गाय, मांजर, फार तर सर्कशीतला हत्ती लिहिला होता. मी लिहिलं होतं, 'मी आजोळी नदीवर ऊद पाहिला.' बाईंनी 'ऊद' या शब्दाखाली लाल रेघ मारून शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. मी उठून सांगितलं, "बाई, ऊद म्हणजे पाणमांजर." बाईंनी प्रश्नचिन्ह खोडलं आणि दहापैकी आठ मार्क दिले. पुढची पस्तीस वर्षं मी त्या आठ मार्कांवर काढली. कुठे जंगलाचा, प्राण्यांचा विषय निघाला की मी हळूच म्हणायचे, "मी पाणमांजर पाहिलंय, लहानपणी. तिलारीला." समोरच्याचे डोळे मोठे व्हायचे. वाघ पाहिलेले लोक पुण्यात पोत्याने मिळतात, पाणमांजर पाहिलेले फारसे नाहीत.

ती थाप होती. म्हणजे मी खोटं बोलत नव्हते, पण खरंही नव्हतं ते. ते कसं कळलं, हे सांगायचं तर आधी नदी आणि शब्द दोन्ही सांगावे लागतील.

माझं आजोळ दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या काठी. ही नदी सह्याद्रीतून रामघाटाच्या बाजूने उतरते, दोडामार्गातून गोव्यात शिरते आणि तिथे नाव बदलते. कोलवाळला ती कोलवाळची नदी होते, पुढे शापोरा होऊन मोरजी आणि वागातोरच्या मधून समुद्राला मिळते. जिथे नदीचंच नाव टिकत नाही, तिथे तिच्यातल्या प्राण्याचं काय टिकणार!

घरी सगळे 'ऊद' म्हणायचे. मला मात्र लहानपणी एकच ऊद ठाऊक होता, तिन्हीसांजेला आजी निखाऱ्यावर टाकायची तो. ज्याच्यावरून उदबत्ती आली तो. त्यामुळे नदीतला ऊद हा काहीतरी सुवासिक प्राणी असणार, अशी माझी पक्की समजूत होती. पुढे पुस्तकात तो 'पाणमांजर' होऊन भेटला, हिंदीत 'ऊदबिलाव'. संस्कृतात 'उद्र', म्हणजे पाण्यातला. ग्रीकांचा हायड्रा आणि इंग्रजांचा ऑटर त्याच मुळाचे. इथवर सगळं सरळ आहे. घोळ आहे तो मराठीतल्या 'उदमांजर' या शब्दात. हिंदीतल्या ऊदबिलावाचं शब्दाला शब्द ठेवून मराठी करायला गेलात तर उदमांजर होतं, आणि मराठीत उदमांजर म्हणजे भलताच प्राणी: रात्री कौलांवरून धावणारा, माळ्यावर पिल्लं घालणारा, पिकली फळं खाणारा, आमच्याकडे ज्याला कांडेचोर म्हणतात तो. पाण्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. त्याच्या शेपटीखालच्या ग्रंथींना उग्र वास असतो, त्यावरून कुणाला तरी ऊद आठवला असावा.

आमच्या घरच्या ग्रुपवर दोन-चार महिन्यांनी एक बातमी फिरते, 'विहिरीत पडलेल्या पाणमांजराला जीवदान', आणि फोटोत टोपलीत बसलेलं घाबरंघुबरं उदमांजर. पूर्वी मी दरवेळी लांबलचक दुरुस्ती लिहायचे. आता अंगठा दाखवून गप्प बसते. कारण दुरुस्ती तरी किती करणार? दोघंही मांजरं नाहीत. पाणमांजर विझल, मार्टेन आणि आपल्याकडच्या चांदी अस्वलाच्या कुळातलं. आणि चांदी अस्वल हेसुद्धा अस्वल नाही. आपल्या पूर्वजांना प्राणी ओळखता येत होते, पण बारशाला बसताना ते थोडे दमलेले असावेत.

तर 2018 च्या मे महिन्यात मी मामाबरोबर त्याच कोंडावर बसले होते. कोंड म्हणजे नदीतला खोल डोह; उन्हाळ्यात बाकीची नदी गोट्यांमधून झिरपते तेव्हा मासे इथे गोळा होतात. नेमका कुठला कोंड ते मी लिहिणार नाही, आणि हा लेख वाचून कुणी विचारलं तरी सांगणार नाही. भर दुपार होती. समोरच्या तापल्या खडपावर काहीतरी लांब, तपकिरी पडलं होतं. आमची चाहूल लागली तसं ते खडपावरून घसरलं आणि धप्पकन पाण्यात गेलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण हे अगदी, अगदी तेच होतं. तोच खडप, तीच घसरण, तोच धप्प आवाज. मी मामाचा हात धरला. "ऊद!"

मामाने डोळे मिटलेलेच ठेवले. "घोरपड ती."

आणि खरंच, पंधरा हातांवर ती वर आली. डोकं पाण्याबाहेर उंच, आणि अख्खं अंग सापासारखं डावी-उजवीकडे वळवत पोहणारी घोरपड. मामा म्हणाला, "मे म्हयन्याच्या वतात ऊद खडपार निजणा नाय. तो काय येडो?"

मी पाणी बघत बसले. चौथीच्या निबंधात काय होतं? मे महिना. दुपार. एकटा प्राणी. ऊन खात पडलेला. एकेक वाक्य उलटं फिरून माझ्यावरच साक्ष द्यायला लागलं. घोरपडीला अंग तापवायला ऊन लागतं. पाणमांजराला दाट केसांचा दुहेरी कोट आहे, आत लोकरीसारखे बारीक केस आणि वर राठ केस. मेच्या उन्हात दगडावर पडणं म्हणजे स्वेटर घालून तव्यावर बसणं. ती त्या वेळी सावलीत, मुळांखालच्या बिळात झोपलेली असतात. आणि आपल्याकडची पाणमांजरं एकटीदुकटी सहसा फिरत नाहीत.

बऱ्याच वेळाने मी मामाला कबूल केलं, की मी लहानपणी पाहिला तो ऊद नव्हता.

"माका तवाच म्हायत होतां," मामा म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगान काय करतलंय? तू कितक्या खुशीत होतंस."

पस्तीस वर्षं! मला त्याचा राग आला, खरंच आला. मग वाटलं, बरोबर आहे त्याचं. आणि त्याच संध्याकाळी ठरवलं, की आता खरा ऊद बघायचाच.

मामा काही वनवासी ऋषी वगैरे नाही. तरुणपणी त्याने उदांना दगड मारलेत. तो स्वतःच सांगतो. पाग टाकून मासे धरायचा तेव्हा ऊद जाळी फाडून मासे न्यायचे. पाग विणायला पावसाळा जायचा आणि फाटायला एक रात्र. त्यामुळे त्याला उदांची माहिती आहे ती वैऱ्याला असते तशी, बारीकसारीक आणि बिनचूक. त्याचा पहिला धडा एका वाक्याचा होता. "बाय, पयलो वास घे, मगे बघ."

त्याने मला नेलं ते नदीच्या वळणावर, जिथे एक व्हाळ येऊन मिळतो. तिथे पाण्यालगत एक सपाट दगड, त्यावर काळपट-राखाडी सडा. "उदाची हगणदारी," मामा म्हणाला. याहून नेमका शब्द मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही. अख्खं कुटुंब एकाच ठिकाणी विष्ठा टाकतं, पुन्हापुन्हा तिथेच येतं, पायांनी तुडवतं; ती त्यांची पाटी आहे, की इथे आम्ही राहतो. ताजी असेल तर काळी, बुळबुळीत. वाळली की पांढुरकी होऊन भुगा होतो. काडीने उकरलं तर आत खवले, काटे, माशांच्या मणक्यांचे मणी. आणि वास! सुकट बाजारातल्या टोपल्या पावसात भिजल्या आणि वर कुणी तेल ओतलं, असा काहीसा. आजीच्या ऊदाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

खवले नसतील आणि खेकड्यांच्या कवचांचे तुकडेच तुकडे असतील, तर थांबून विचार करायचा. गोव्यात पाणमांजराच्या दोन जाती आहेत. एक मोठी, गुळगुळीत केसांची, सात ते अकरा किलोंची, मुख्यतः मासेखाऊ. दुसरी आखूड नखांची, तीन ते पाच किलोंची, जगातली सगळ्यात लहान पाणमांजराची जात. ती दगडांच्या फटींत बोटं घालून कुर्ल्या चाचपते. तिची नखं बोटांच्या पुढे येतच नाहीत, त्यामुळे ओल्या मातीत उमटतात ती नुसती बोटं. पण कुर्ल्या मुंगूसही खातं. म्हणजे कवच दिसलं की झालं, असंही नाही. भारतात तिसरीही जात आहे, युरोपपासून आशियापर्यंत पसरलेली, एकटी आणि रात्रीची. तिच्या नाकाच्या वरची कड इंग्रजी डब्ल्यूसारखी नागमोडी असते. 2016 मध्ये मध्य प्रदेशात कान्हा-पेंचच्या जंगलपट्ट्यात ती सापळा-कॅमेऱ्यात सापडली तेव्हा मोठी बातमी झाली. आता नदीतल्या प्राण्याच्या नाकाची वरची कड बघायची म्हणजे त्याच्याशी किती घरोबा हवा!

ठशांचं त्यामानाने बरं. कुत्रा, कोल्हा, मांजर यांची चार बोटं उमटतात. पाणमांजराची पाच, पंख्यासारखी फाकलेली. मऊ गाळात बोटांमधल्या पडद्याची पुसट छाया दिसते, आणि कधी मागे शेपटी ओढल्याची रेघ. वाळूत लोळल्याच्या खुणा असतात. अंग कोरडं करायला ती वाळूत गडबडा लोळतात. वॉलरस-देवमाशांसारखा चरबीचा थर त्यांच्याकडे नाही, ऊब सगळी केसांत अडकलेल्या हवेत. म्हणून केस राखणं ही चैन नाही.

मग सुरू झाले माझे हिवाळे. पहिल्या वर्षी चार दिवस, दुसऱ्या वर्षी सहा. पहाटे उठायचं, मामाच्या मागून दवाने भिजलेल्या काजूच्या बागेतून जायचं, दगडावर बसायचं. मी काय काय 'पाणमांजर' म्हणून पाहिलं त्याची यादी वहीत आहे. पाणकावळा, तीन वेळा. बुडी मारून वर येतो तेव्हा नुसती मान आणि पाठीची किनार दिसते. सर्पपक्षी, एकदा. पोहणारा कुत्रा, ज्याच्याबद्दल मामा अजून हसतो. नारळाचं सोडण, दोनदा. तरंगणारा ओंडका, ज्याला मी मगर ठरवून मामाला मागे ओढलं. बघायची इच्छा फार झाली की डोळे वशिल्याने काम करायला लागतात. हगणदारी मात्र दर सकाळी ताजी. म्हणजे ते येत होते, जात होते, जेवत होते. फक्त आम्हाला वगळून.

मधल्या काळात माझ्या पुतणीने सिंगापूरहून व्हिडिओ पाठवला. चकचकीत रस्ता, एका बाजूला गाड्या थांबलेल्या, आणि दहा-बारा पाणमांजरं एकामागोमाग रस्ता ओलांडतायत. 'काकी, तू यांच्यासाठी कोकणात बसतेस?' खाली हसरे चेहरे. तीच जात, गुळगुळीत केसांची. तिथे बिशान पार्कमध्ये कलांग नदीचा काँक्रीटचा नाला मोडून 2012 पर्यंत पुन्हा वळणावळणाचं पात्र केलं, मासे आले, पुढे पाणमांजरांची कुटुंबं तिथे नांदायला लागली. आपल्याकडे उलट कामं चालू असतात: वळणाची नदी सरळ करा, काठ बांधा, वर पेव्हर ब्लॉक. मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्यांदा व्हिडिओ पाहताना जाणवलं, की त्या पाणमांजरांना माणसाची भीती नाही. तिलारीतल्यांना आहे, आणि ती त्यांनी कमावलेली आहे. मामाचा दगड हा त्यातला किरकोळ भाग. जिलेटिन फोडून मासे मारणारे, ब्लीचिंग पावडर ओतणारे, वाळूचे पट्टेच्या पट्टे रातोरात उचलणारे. आणि देशभर कातड्यासाठी लावलेले सापळे. 2003 मध्ये तिबेटमध्ये एका ट्रकात वाघ आणि बिबट्यांच्या कातड्यांबरोबर पाणमांजरांची 778 कातडी सापडली होती. वाघांची 31 होती. बातमी झाली ती वाघांची.

दोडामार्गातही तसंच. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती आले, तेव्हापासून तालुक्यात वन्यप्राणी म्हणजे हत्ती. ते बरोबरच आहे म्हणा. ज्याची केळीची बाग एका रात्रीत झोपली त्याच्यापुढे मी उदाचं काय कौतुक सांगणार? 2020 मध्ये तिलारीचा 29.53 चौरस किलोमीटरचा भाग संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला, तो वाघाच्या वाटेसाठी. उदांचं भलं झालं तर त्याच्या पुण्याईवर.

दिसले ते तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत. धुकं इतकं, की पलीकडचा काठ नव्हताच. मी दगडावर बसून थर्मासमधला चहा ओतत होते. आधी आवाज आला. बारीक, उंच, तुटक शिट्टी, मग दुसऱ्या बाजूने तसाच प्रतिसाद. मला वाटलं खंड्या. मामाने माझा कप धरलेला हात खाली दाबला. "गप रव."

धुक्याखालून पाण्यावर एक रेघ सरकत आली. टोकाला चपटं, रुंद डोकं, जवळजवळ पाण्याच्या पातळीत. नाक, डोळे, कान एका सरळ ओळीत. त्याच्या मागे पाठीचा गोल उंचवटा वर आला, गेला, आणि त्याच्या मागे शेपटीचं टोक. मग तशीच दुसरी रेघ. तिसरी. घोरपडीचं डोकं पाण्यावर कसं उंच असतं, पाणकावळ्याची मान कशी काठीसारखी उभी असते, हे इतकी वर्षं चुकून चुकून डोळ्यांत बसलं होतं, म्हणून त्या क्षणी एकही शंका आली नाही. खरं तर आली. मी इतकी फसलेली होते, की शंका यायलाच हवी म्हणून मुद्दाम आणली. आणि तेवढ्यात पहिला प्राणी वाळूच्या पट्ट्यावर चढला.

त्याचं ओलं अंग कुणी तेल लावून चापूनचोपून विंचरल्यासारखं. गळा फिकट, जवळजवळ दुधट. शेपटी मुळाशी जाड आणि टोकाकडे चपटी, वल्ह्यासारखी. हीच ती मोठ्या जातीची खूण, जी मी दहा वेळा वाचली होती आणि जी नुसती वाचून कळत नाही. शेजारी एक बगळा उभा होता, तो आधी दोन पावलं सरकला आणि मग नाद सोडून उडाला. दुसऱ्याने एक शेंगटी आणली होती. पुढच्या दोन पंजांत धरून तो डोक्याकडून खायला लागला, आणि नदीच्या या काठापर्यंत कुडुम कुडुम ऐकू आलं. पापड खाल्ल्यासारखं! शेंगटीचा काटा बोटात गेला तर माणूस दोन दिवस कण्हतो. हा डोळे मिटून चावत होता.

मग पिल्लं. दोन, कदाचित तीन. त्यांना पाण्यातून वर यायचं नव्हतं. आईने (की मावशीने? या जातीत थोरली भावंडंही पिल्लं सांभाळतात) एकाला मानगुटीला धरून वर ओढलं, ते पुन्हा पाण्यात. पुन्हा वर. पुन्हा पाण्यात. चौथ्या वेळी तिने त्याला सोडून दिलं आणि वाळूत पाठीवर लोळायला लागली, चारही पाय वर, जसं काही तिला मुलंच नाहीत. शाळेला सुट्टी लागल्यावर माझी आई अशी पडायची, दुपारी.

मी दुर्बीण उचलायला गेले. एकजण मागच्या पायांवर उभा राहिला आणि सरळ आमच्याकडे बघायला लागला. मान लांब करून, डावीकडून, मग उजवीकडून. माझा श्वास अडकला.

"तेंका आमी मघाशीच दिसलंव," मामा कुजबुजला. "आता कंटाळले."

त्या उभ्याने नाकातून फुस्स केलं. एकही शिंतोडा न उडवता सगळे पाण्यात गेले. बुडबुड्यांची एक माळ वळणाकडे सरकत गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. चहा थंड झाला होता. फोटो एकही नाही. वहीत नोंद केली: 'सकाळी 7.10. प्रौढ चार, पिल्लं दोन किंवा तीन.' मामा म्हणाला प्रौढ पाच. आम्ही घरी येईपर्यंत त्यावर भांडलो.

पलीकडच्या पट्ट्यावर जायचा मोह आवरला. पिल्लं होती, पुन्हा तिथे येणार होती. अलीकडचा सपाट दगड मात्र वाटेतच होता, आणि आनंदाच्या भरात मी खाली न बघता चालत होते. पहिला वास घ्यायचा, हा धडा मी ज्या दिवशी ऊद दिसले त्याच दिवशी विसरले.

घरी पोचलो तेव्हा मामी चुलीपाशी होती. मी ओसरीवर उभी राहून तिला हातवारे करत सगळं सांगायला लागले, शिट्टी, शेंगटी, पिल्लू, सगळं. तिने मध्येच नाकाला पदर लावला.

"हो कसलो वास गो? उंदीर बिंदीर मेलो काय?"

मामा माझ्या बुटांकडे बघून खो खो हसायला लागला. मामीने मला अंगणात पिटाळलं, बूट तुळशीपासून लांब काढायला लावले, आणि आत जाऊन सकाळी आठ वाजता, दिवेलागणीची वाट न बघता, चुलीतला निखारा धुपाटण्यात घेऊन त्यावर चिमूटभर ऊद टाकला.